तिसरं कार्ड

भाईंदरजवळच्या पाली कोळीवाड्यातल्या मॅथ्यूची माती बुधवारी चार वाजता ठरली, आणि मंगळवारी सकाळीच त्याच्या बायकोचा, डॉरिसचा, सुभाष मोंडकरला फोन आला.

“सुभाषभाऊ, मॅथ्यू गेला. पहाटं.” मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. “सॅव्हियोला येता येत न्हाय. कॅनडात त्याचे कागद अडकलेत. आता निगाला तर परत आत घ्यायचे न्हाईत त्याला. तुमी दाखवाल ना त्याला? सणाला दाखवलं व्हतं तसं?”

“दाखवतो,” सुभाष म्हणाला. “तुम्ही त्याची काळजी करू नका.”

सुभाष सत्तावन्न वर्षांचा. मीरा रोडला पूनम सागरमध्ये दुसऱ्या मजल्यावर तो आणि बायको उर्मिला, दोघंच राहायचे. बावीस वर्षं त्यानं अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळलं होतं. मग ऑफिसनं सगळे सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे नेले आणि त्याला हार घालून घरी पाठवलं. तेव्हापासून तो लग्नं, बारशी, चर्चचे सण इंटरनेटवरून थेट दाखवण्याची कामं करायचा. गेल्या वर्षी पालीच्या सणाला गेला तेव्हा मॅथ्यू दिवसभर त्याच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. पडद्याच्या कोपऱ्यात पोराचं नाव उमटलं की म्हातारा हात हलवायचा. त्याचा हात कॅमेऱ्यात येतच नव्हता, पण सुभाषनं ते त्याला सांगितलं नव्हतं.

सणाच्या वेळी प्रक्षेपण तीन-चारदा अडकलं होतं. सणाचं काय, मिरवणूक दोन मिनिटांनी दिसली तरी चालतं. इथे तसं चालणार नव्हतं. चर्चच्या ऑफिसातलं नेट चित्र बाहेर पाठवताना मरतुकडं, आणि पालीच्या त्या अरुंद गल्ल्यांमध्ये मोबाइलची रेंज एका घरात येते तर शेजारच्या घरात नाही. मग सुभाषनं ठरवलं, एका रस्त्यावर विसंबायचंच नाही. कॉम्प्युटरला तीन नेटवर्क कार्डं लावायची. एकात चर्चच्या ऑफिसची वायर, दुसऱ्यात डोंगल, तिसऱ्यात दुसऱ्या कंपनीचा फोन, आणि तिन्हींची ताकद एकत्र करायची.

संध्याकाळपर्यंत त्यानं घरच्या घरी तीन वेगळ्या लाइन जोडून बघितल्या. स्पीड मोजला. एकेकाचा चार, सहा, आठ असा येत होता. तिन्ही एकत्र चालू केल्यावर आकडा सतराच्या वर गेला. उर्मिला चहा घेऊन आली तर त्यानं तिला खुर्चीवर बसवून तो आकडा दाखवला.

जास्तीचं कार्ड घेऊन निकेत आला तो तेवढ्यात. निकेत बत्तीस वर्षांचा. त्याच अंधेरीच्या ऑफिसात सुभाषच्या हाताखाली शिकला होता आणि आता भाईंदरला त्याचा स्वतःचा इंटरनेटचा धंदा होता. त्यानं पडद्याकडे बघितलं, दोन-तीन खिडक्या उघडल्या आणि मान हलवली.

“सर, हे लाइव्हला नाही चालणार.”

“सतरा दिसतायत ना तुला?”

“दिसतायत. पण स्पीड मोजणारा प्रोग्राम एकाच वेळी दहा-बारा कनेक्शन उघडतो, ती तिन्ही कार्डांवर वाटली जातात, म्हणून बेरीज दिसते. तुमचं लाइव्ह म्हणजे एकच कनेक्शन. ते कुठल्यातरी एकाच कार्डावरून जाणार. बाकीची दोन नुसती बसून राहणार. आणि ते कार्ड मेलं तर लाइव्ह पण मेलं.”

“आपण ऑफिसात सर्व्हरला चार कार्डं लावली होती. विसरलास?”

“तिथे दोनशे माणसं होती सर. पन्नास इकडून, पन्नास तिकडून. इथे एकच माणूस आहे.” निकेतचा आवाज अदबीचाच होता. “ह्याला पलीकडे आपला एक कॉम्प्युटर लागतो. इथून तुकडे करून तिन्ही वाटांनी पाठवायचे, तिथे पुन्हा जोडायचे, आणि मग पुढे सोडायचं. माझ्याकडे तसा आहे. मला दोन तास द्या, मी करून देतो. उद्या तुमच्याबरोबर येतो पण.”

सुभाषला खरं तर त्याच क्षणी कळलं होतं की पोरगा बरोबर बोलतोय. पण उर्मिला तिथेच बसली होती, कप हातात घेऊन. आणि ज्याला वायरीचं टोक कसं दाबून बसवायचं हेसुद्धा आपण शिकवलं, तो आपल्याच घरात, आपल्या बायकोसमोर, आपल्याला शिकवत होता.

“एक गेलं की दुसरं आपोआप घेतं,” तो म्हणाला. “सेटिंग केलंय मी. तू कार्ड दे आणि जा, तुला कामं असतील.”

निकेतनं कार्ड टेबलावर ठेवलं. “वायर काढून बघितलंत का, घेतं का ते?”

“बघतो.”

त्यानं बघितलं नाही. निकेत गेल्यावर त्यानं सगळं उघडून ठेवलं, वायरीकडे हात पुढे केला आणि मागे घेतला. दुसऱ्या कार्डानं नाही घेतलं तर काय? निकेतला परत फोन करणं एवढंच होतं, आणि ते त्याला करायचं नव्हतं.

बुधवारी तो दोन वाजताच पालीला पोचला. चर्चच्या मागेच दफनभूमी. भिंतीलगतच्या पडवीत त्यानं टेबल मांडलं, ऑफिसातून वायर ओढली, डोंगल लावला. तिसऱ्या कार्डासाठी फोन हवा होता. तिथे सगळ्यात चांगली रेंज निघाली ती मॅथ्यूच्या मुलीच्या, ॲलिशाच्या फोनला. ॲलिशा सव्वीस वर्षांची, भाईंदरला दातांच्या दवाखान्यात कामाला होती. वडिलांच्या आजारपणाचे सहा महिने तिनं एकटीनं ओढले होते. डोळे सुजलेले, पण हात कामात होते. तिनं फोन काढून दिला आणि मग विचारलं,

“अंकल, कॉल आला तर? इथे कॉल आला की माझं नेट बंद पडतं.”

“येऊ दे ना. एक गेलं तर दोन आहेत बाळा. तू पप्पांजवळ जा.”

“सायलेंटवर ठेवू?”

“ठेव. तू जा.”

तिनं फोन मुका केला आणि गेली.

मिस्सा, मातीआधीची प्रार्थना, नीट पार पडली. चर्चमधलं गाणं, फादरांचं बोलणं, डॉरिसचा रुमालात दडलेला चेहरा, सगळं कॅनडात पोचत होतं. तिकडे सकाळचे साडेसहा. सॅव्हियो एका खोलीत तिघांबरोबर राहायचा. बाकीचे कामाला गेले होते. त्यानं लिहिलं, “क्लिअर दिसतंय अंकल.” मग थोड्या वेळानं अजून एक ओळ आली: “मी पण माती आणून ठेवलीय. ताटलीत. तुम्ही सगळे टाकाल तेव्हाच टाकणार.”

सुभाषनं ती ओळ दोनदा वाचली आणि अंगठा दाखवून उत्तर दिलं.

पेटी दफनभूमीत आली. चार जणांनी दोर धरले. फादरांनी पाणी शिंपडलं. सुभाषनं कॅमेरा खड्ड्याच्या कडेवर धरला होता आणि एक डोळा पडद्यावर. पेटी कडेवरून सुटून खाली सरकायला लागली, आणि पडद्यावरचं चित्र थांबलं.

आधी त्याला वाटलं, कॅमेऱ्याची वायर. ती दाबली. मग वाटलं प्रोग्राम अडकला. तो बंद करून उघडला, तर तो तिथेच गोल फिरत बसला. तिन्ही कार्डांचे दिवे लुकलुकत होते. चर्चची वायर जिवंत, डोंगल जिवंत, आणि टेबलावर ॲलिशाचा फोन आवाज न करता उजळला होता. पडद्यावर दवाखान्याचं नाव. कॉल संपला, पुन्हा लागला. सगळं प्रक्षेपण त्या एका फोनवरून चाललं होतं आणि कॉल येताच त्याचं नेट बंद पडलं होतं. पण वायर जागेवर असल्यामुळे कॉम्प्युटरला ते कार्ड धडधाकट वाटत होतं. बाकीची दोन कार्डं रिकामी बसली होती. निकेतनं सांगितलं होतं, अगदी तसंच.

तिसरी वायर उपटायची, एवढंच करायचं होतं, पण ते सुचायला चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत पेटी तळाशी टेकली. डॉरिसनं मूठ टाकली, ॲलिशानं टाकली, भावकीनं, शेजाऱ्यांनी, मॅथ्यूच्या बोटीवरच्या माणसांनी टाकली. चित्र परत आलं तेव्हा दोन माणसं फावड्यानं माती ओढत होती आणि बायका पुष्पचक्रं पुढे करत होत्या.

पडद्याच्या कोपऱ्यात सॅव्हियोच्या ओळी एकाखाली एक साचल्या होत्या. थांबलंय. अंकल थांबलंय. हॅलो. फादरना थांबायला सांगा. प्लीज. कोणीतरी सांगा.

लोक पांगायला लागल्यावर डॉरिसचा पुतण्या टेबलापाशी आला. मागे आणखी पाच-सहा जण, त्यांत डॉरिस आणि ॲलिशाही. “काय झालं हो? सॅव्हियो फोनवर रडतोय. म्हणतो काहीच दिसलं नाही.”

सगळे सुभाषकडे बघत होते.

“ॲलिशाच्या फोनवर कॉल आला,” तो म्हणाला. “त्यात लाइन गेली.”

बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माणसांच्या माना ॲलिशाकडे वळल्या. तिच्या बोटांना अजून माती होती. ती काहीतरी बोलेल म्हणून सुभाष थांबला. ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली, मग पुढे येऊन तिनं आपला फोन वायरीतून सोडवून घेतला आणि आईला धरून निघून गेली.

घरी आल्यावर उर्मिलानं विचारलं, “नीट झालं?”

“रेंज गेली मधेच.”

“पालीत जातेच,” ती म्हणाली आणि वाढायला उठली.

कॅमेऱ्यात सगळं टिपलेलं होतं. त्यानं दुसऱ्याच दिवशी ते सॅव्हियोला पाठवून दिलं. त्यानं ते उघडल्याची खूण आठ दिवस झाले तरी आली नाही. निकेतचा फोन आला, तो सुभाषनं घेतला नाही. पुढे दोन लग्नांच्या कामाची बोलावणी होती, त्यांना त्यानं पाठदुखीचं कारण सांगितलं. दुपारी तो टेबलाशी बसायचा, तीन कार्डं लावायचा, प्रक्षेपण सुरू करायचा आणि एकेक वायर उपटून बघायचा. दर वेळी, जिच्यावरून प्रक्षेपण चाललं होतं ती वायर निघाली की चित्र थांबत होतं. उर्मिला दारातून बघायची आणि आत जायची.

महिना भरत आला तसा डॉरिसचा पुन्हा फोन आला. रविवारी मॅथ्यूच्या महिन्याची मिस्सा होती. “तुमी यायचं हाय,” ती म्हणाली. “त्या दिशीचं जाऊ द्या. तुमचा काय गुन्हा त्यात.”

तो शुक्रवारी संध्याकाळी जागा बघायला म्हणून गेला. घर गल्लीच्या टोकाला. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर कोपऱ्यावर लावून चालत जावं लागायचं. दार ॲलिशानं उघडलं. पाणी दिलं आणि आत गेली.

डॉरिस खाटेवर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “दोगं बोलत न्हाईत. म्हयना झाला. तो बोलतो, बापाला खाली सोडतानी हिला फोन घ्यायची काय घाई व्हती. ही उत्तर देत न्हाय. हिनं फोन घेतलाच न्हाय वो, ही माझ्याजवळ हुबी व्हती. पण त्याला सांगतंय कोण? भावकीत सगळीकडं तेच झालंय, ॲलिशा फोनवर बोलत व्हती. पोरीनं बापाचं गू-मूत काढलं, नि तिच्या वाट्याला हे आलं.”

सुभाषनं ग्लास खाली ठेवला. आपण बोललेलं वाक्य एवढं लांब गेलं असेल असं त्याच्या मनात आलंच नव्हतं. की आलं होतं, आणि त्यानं ते बघायचं टाळलं होतं? पडवीतल्या त्या माना वळताना त्यानं पाहिल्या होत्या. त्या वळल्या तेव्हा त्याला बरं वाटलं होतं.

“डॉरिसताई,” तो म्हणाला, “तो माझा दोष होता.”

ती निवडायची थांबली.

त्यानं सांगितलं. तीन कार्डं, निकेत, स्पीडचा आकडा, सगळं. तिला समजेल अशा शब्दांत सांगायला त्याला बराच वेळ लागला. “असं समजा, बोटीला मी तीन इंजिनं लावली,” तो म्हणाला, “पण चालत एकच होतं. ते बंद पडलं तर दुसरं सुरू होतं का, ते मी बघितलंच नव्हतं. ॲलिशानं मला विचारलं होतं, कॉल आला तर काय. मीच म्हटलं, येऊ दे.”

डॉरिसनं पुढ्यातली सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, “मंग त्या दिशी का न्हाय बोललात?”

“लाज वाटली.”

“म्हयनाभर?”

ॲलिशा दारात येऊन उभी होती; कधीपासून, ते त्याला कळलं नव्हतं.

“तुला आठवत होतं ना मी काय म्हणालो होतो ते?” त्यानं तिला विचारलं.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“सगळ्यांसमोर तुम्ही बोललात अंकल. पप्पांच्या मातीवर उभं राहून मी काय भांडू?” तिचा आवाज शांत होता. “मला वाटलं, तुम्हीच सांगाल. दोन दिवसांनी, चार दिवसांनी. मग मी वाट बघणं सोडलं.”

“सॅव्हियोला फोन लाव,” तो म्हणाला. “मी बोलतो.”

“माझा नाही घेणार तो.” तिनं आईचा फोन आणून लावला आणि त्याच्या हातात दिला.

तिकडे सकाळ होती. सॅव्हियो कामावर जायला बसमध्ये होता. आवाजामागे गाडीची घरघर. सुभाषनं त्यालाही सगळं सांगितलं. सॅव्हियो कॉम्प्युटर जाणणारा, त्याला उपमा लागल्या नाहीत. मधे त्यानं एकदाच विचारलं, “म्हणजे दोन लाइन चालू होत्या? तेव्हा?”

“हो.”

“आणि ॲलिशानं कॉल घेतला नव्हता.”

“नाही. ती खड्ड्याशी उभी होती. तिच्या हातात माती होती.”

बसचा दरवाजा उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला.

“अंकल, मला माहितीये, मशीन आहे, बंद पडतं,” सॅव्हियो म्हणाला. “त्याचं काही नाही. पण मी माझ्या बहिणीला काय काय बोललोय ते तुम्हाला माहितीये? ती सगळं ऐकून घेत होती. तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

सुभाष म्हणाला, “घरी.”

फोन कट झाला. खाटेवर बसलेल्या डॉरिसनं हात पुढे केला, फोन परत घेतला आणि पदरानं पुसला.

तो उठला. चपला घालताना डॉरिस म्हणाली, “रविवारी तुमी नका येऊ सुभाषभाऊ. राग न्हाय. पण नका येऊ. तो दुसरा हाय ना तुमचा, त्याला पाठवा.”

कोपऱ्यावर येऊन त्यानं स्कूटरवर बसूनच निकेतला फोन लावला. दोन वाक्यांत सांगितलं. निकेत “येतो सर” म्हणाला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर सुभाषला सोपं गेलं असतं.

रविवारी संध्याकाळी सुभाषनं घरच्या कॉम्प्युटरवर मिस्सा लावली. निकेतनं त्याच्याच पद्धतीनं केलं होतं. चित्र एकदाही थबकलं नाही. डॉरिस पहिल्या बाकावर होती. तिच्या शेजारी ॲलिशा, काळ्या पोशाखात, प्रार्थनेचं पुस्तक उघडून. पण ती वाचत नव्हती. एकदा तिनं सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. ते बघणं आपल्यासाठी नव्हतं, हे सुभाषला कळलं.

“हेच ना ते चर्च?” उर्मिलानं मागून विचारलं. त्यानं खुर्ची ओढून तिला बसायला दिली, आणि मिस्सा चालू असतानाच, पडद्यावरून नजर न काढता, तिलाही सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. निकेत आला होता त्या संध्याकाळी ती तिथेच होती. तिला बरंचसं आधीच कळलेलं असावं.

“तू तेव्हा मला काही बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“तुम्ही ऐकलं असतं?”

पुढचा सगळा आठवडा त्याला वाटत राहिलं की पालीहून काहीतरी कळेल. शेवटी शनिवारी दुपारी ॲलिशाचा मेसेज आला. “सॅव्हियोनं काल फोन केला. दोन मिनिटं बोलला. जेवलीस का विचारलं. भावकीतल्या लोकांना तुम्ही स्वतः सांगाल का? मी सांगितलं तर खरं वाटत नाही कोणाला.”

सुभाषनं मेसेज वाचला. डॉरिसच्या पुतण्याचा नंबर त्याच्याकडे होता; त्या दिवशी टेबलापाशी आधी तोच आला होता. सुभाष बाल्कनीत गेला, दार मागे ओढून घेतलं आणि नंबर लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली.

“हॅलो, कोण?”

“मी सुभाष मोंडकर,” तो म्हणाला. “मॅथ्यूच्या मातीच्या दिवशी मी काय बोललो होतो, त्याबद्दल सांगायचं होतं.”